मायनर: धर्म

अमेरिकेतल्या विद्यापीठात संख्याशास्त्राची पदवी घेताना मी 'रिलिजस स्टडीज' हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, घेतला, ही बातमी मिरजेला आमच्या घरी पोहोचली तेव्हा आईपुढे पहिली अडचण उभी राहिली ती मराठी नावाची. धर्मशास्त्र म्हणावे, तर तो शब्द आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्ते सांगणाऱ्या ग्रंथपरंपरेसाठी राखीव झालेला आहे. महामहोपाध्याय काण्यांनी पाच खंडांत आणि साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांत इतिहास लिहिला तो त्या परंपरेचा. धर्मशिक्षण म्हणावे, तर पाठांतराचे वर्ग आणि संस्कार शिबिरे डोळ्यांपुढे येतात. आईने शेवटी 'स्टॅटिस्टिक्स आणि बरोबरीने देवाधर्माचा एक छोटा कोर्स' असे सांगायला सुरुवात केली. त्यावर शेजारच्या काकूंनी अगदी मनापासून विचारले, "म्हणजे परत आली की पूजा सांगणार का ती?" पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करू लागल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे हा प्रश्न थट्टेचा नव्हता. पूजा सांगणार नाही, हे उत्तर सोपे होते. मग तिथे नक्की करतेस काय, या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायला जवळजवळ तीन वर्षे लागली.

या विषयाकडे मी कोणत्याही आध्यात्मिक ओढीने वळले नव्हते. तिथे पदवीसाठी मानव्यविद्यांचे काही क्रेडिट घ्यावेच लागतात, आणि सकाळी आठचा वर्ग नको एवढ्या एकाच निकषावर मी वेळापत्रकातला अकराचा वर्ग निवडला. तो धर्माच्या अभ्यासाची ओळख करून देणारा निघाला. सहा विषयांचे अठरा क्रेडिट पुरे झाले की मायनर मिळतो, हे मला पहिल्या सेमिस्टरनंतर कळले, आणि तोवर मी दुसऱ्या विषयासाठी नाव घालून बसले होते.

शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला वर्गातली सगळी मुले पहिल्या नावाने हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमले नाही; माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून 'बाई'च राहिल्या. बाईंनी पहिल्याच तासाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की एखादी श्रद्धा खरी की खोटी, हा प्रश्न या वर्गात कोणी सोडवणार नाही, कारण तो सोडवण्याची साधने आपल्यापाशी नाहीत. दुसरी गोष्ट वरवर पाहता व्याकरणाची होती. 'हिंदू धर्म असे म्हणतो', 'इस्लाम असे मानतो' अशा प्रकारचे एकही वाक्य निबंधात चालणार नव्हते. धर्म काही बोलत नाही. बोलतात, लिहितात, उपास धरतात आणि भांडतात ती माणसे, म्हणून प्रत्येक वाक्याला हाडामांसाचा कर्ता हवा, आणि त्याने ते केव्हा, कोठे आणि कोणासमोर केले तेही हवे. मराठी शाळेत वाक्य लिहून त्यातला कर्ता, कर्म, क्रियापद अधोरेखित करण्यात माझी काही वर्षे गेली आहेत, त्यामुळे हा नियम मला फारच सोपा वाटला.

सगळ्यांना तो तसा वाटला नाही. माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या घरातला होता, आणि रविवारच्या चर्चमधल्या वर्गाचीच ही थोडी वरची इयत्ता असेल अशा समजुतीने आला होता. दुसऱ्या आठवड्यात चारही शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम दिले गेले. येशूच्या जन्माची कथा चारांपैकी मत्तय आणि लूक या दोघांतच आहे, आणि त्या दोन कथाही एकसारख्या नाहीत, हे आम्ही रंगीत पेन्सिलींनी खुणा करून पाहिले. पुढच्या सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मला त्याचे वाईट वाटले, पण त्या वाईट वाटण्यात थोडी आढ्यताही होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्याचा ग्रंथ असा टेबलावर पसरून वाचायला मला काहीच जड गेले नव्हते.

सरकारी विद्यापीठात, म्हणजे करदात्यांच्या पैशावर, हा विषय शिकवला कसा जातो याचे मला प्रथम नवल वाटे. त्याच्या मुळाशी १९५६ सालची एक गोष्ट आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात शाळेच्या दिवसाची सुरुवात बायबलमधल्या किमान दहा वचनांच्या वाचनाने व्हावी असा कायदा होता. अ‍ॅबिंग्टन गावच्या शाळेतल्या एलरी शेंप या सोळा वर्षांच्या मुलाने त्या वाचनाच्या वेळी निषेध म्हणून कुराण उघडून वाचायला घेतले, आणि त्याची रवानगी मुख्याध्यापकांकडे झाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ जून १९६३ रोजी आठ विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने शाळेतले ते वाचन घटनाबाह्य ठरवले. मात्र याच निकालात न्यायमूर्ती क्लार्क यांनी असेही लिहिले, की धर्मांच्या तौलनिक अभ्यासावाचून किंवा धर्माच्या इतिहासावाचून शिक्षण पूर्ण होत नाही असे म्हणता येईल. आणि न्यायमूर्ती गोल्डबर्ग यांनी धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांत स्पष्ट फरक केला. शाळेतले बायबलवाचन बंद करणारा निकालच अशा रीतीने विद्यापीठांतल्या धर्माभ्यासाचा आधार झाला. या विषयाच्या अध्यापकांची संघटना १९०९ सालापासून बायबल शिकवणाऱ्यांची म्हणून ओळखली जात होती. तिनेही त्याच सुमारास नाव बदलून 'अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ रिलिजन' असे घेतले.

आपल्याकडे हा फरक राज्यघटनेच्या अंगाने आलेला आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे २८ वे कलम सांगते, आणि पुष्कळ लोक त्याचा अर्थ धर्म हा विषयच वर्ज्य आहे असा घेतात. प्रत्यक्षात अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती, तिला आव्हान दिले गेले, तेव्हा १९७१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात तर १९६७ पासून धर्माच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात मात्र हा अभ्यास बहुधा तुकड्यातुकड्यांनी होतो: थोडा संस्कृतमध्ये, थोडा पालीमध्ये, थोडा तत्त्वज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्र यांत, आणि त्यातला फार मोठा भाग रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या, घराचेच ग्रंथालय करून बसलेल्या माणसांनी केला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आपल्याकडे पदवीला मायनर ही सोय आली आहे. त्या यादीत या विषयाला कधी जागा मिळाली, तर त्याला मराठीत काय म्हणायचे हा आईचा प्रश्न पुन्हा निघेल.

मिरजेपासून फार लांब नसलेल्या जमखंडीचा एक मुलगा याच विषयासाठी माझ्याआधी शंभराहून अधिक वर्षे परदेशी गेला होता, हे मला तिथल्या ग्रंथालयात बसून कळावे, याची मला लाजच वाटली. विठ्ठल रामजी शिंदे हे नाव शाळेच्या पुस्तकात अस्पृश्यतानिवारणाच्या धड्यात भेटलेले होते. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करत होते, हे त्या धड्यात असलेच तर माझ्या ध्यानात राहिले नव्हते. युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या त्या कॉलेजात जाण्यासाठी त्यांची निवड प्रार्थना समाजाच्या मार्फत झाली आणि प्रवासाला सयाजीराव गायकवाडांनी मदत केली. परतल्यावर १९०६ साली त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली. मला या क्रमाचे फार आकर्षण वाटते. धर्मांची तुलना शिकून आलेला माणूस तुलनेची पुस्तके लिहीत बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. ते गेले परळला शाळा काढायला, आणि धर्म म्हणजे कोण कोणाला कोणत्या उंबऱ्यापाशी थांबवतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

आता माझ्या खुर्चीकडे येते. चौथ्या विषयाच्या नवव्या आठवड्यात क्षेत्रकार्याचे काम मिळाले: एखादा धार्मिक विधी प्रत्यक्ष पाहायचा, मिनिटामिनिटाच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यावर बारा पानांचा निबंध लिहायचा. बाकीची मुले गुरुद्वारा, सिनेगॉग असे अनोळखी ठिकाण शोधत होती. मी आळस केला. गावातल्या एका मराठी कुटुंबाकडे त्या शनिवारी सत्यनारायण होता आणि काकूंचे बोलावणे आलेलेच होते. त्यात नवीन काय पाहायचे, तासाभरात लिहून होईल, असा माझा हिशेब होता.

नोंदवही हातात असली की ओळखीच्या गोष्टी फार चमत्कारिक दिसू लागतात. चौरंग म्हणून बैठकीतले बुटके टेबल होते, आणि त्याच्या चार पायांना भारतीय दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या पाकिटातली केळीची पाने दोऱ्याने बांधली होती. ती वितळताना गालिच्यावर पाणी गळत होते, म्हणून खाली टॉवेल घातला होता. धुराच्या गजरावर काकांनी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली होती. गुरुजी मोबाइलमध्ये होते. "आता पळीभर पाणी ताम्हनात सोडावे," असे ते ध्वनिमुद्रणातून सांगत आणि थांबत, पण ते थांबणे काकांना कधीच पुरत नसे, म्हणून काकूंचा एक ओला अंगठा सतत स्क्रीनवर असे. तुळस कडाक्याच्या थंडीत खिडकीत कशीबशी तग धरून होती. तिची अकरा पाने खुडली, आणि सहस्रनामाच्या उरलेल्या नावांना अक्षता वाहिल्या.

कथेच्या वेळी मी पहिल्यांदाच नीट ऐकले. पाचही अध्यायांत सांगितले आहे ते एवढेच, की ही पूजा कोणी केली, कोणी बोलून केली नाही आणि पुढे काय झाले. पूजेची कथा ही पूजेविषयीच आहे. आमच्या पाठीमागे बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने इंग्रजीत विचारलेच, की साधुवाण्याने मग कोणती गोष्ट ऐकली, कारण तो स्वतः तर या गोष्टीत आहे. मोठी माणसे हसली. मी तो प्रश्न वेळेसकट लिहून घेतला, आणि बारा पानांत मला त्याचे उत्तर देता आले नाही. दुसरी नोंद कर्त्यांची होती. काशीतला गरीब ब्राह्मण, मोळीविक्या, राजा उल्कामुख, वाणी, त्याची बायको लीलावती आणि मुलगी कलावती, शेवटी रानात पूजा मांडणारे गवळी. आणि शेवटच्या अध्यायातल्या तुंगध्वज राजाचा अपराध कोणता, तर त्याने त्या गवळ्यांनी दिलेला प्रसाद घेतला नाही. लहानपणापासून मी या कथेतून फक्त 'प्रसाद टाकू नये' एवढेच उचलले होते. तो प्रसाद कोणाच्या हातचा होता, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

पुढे वाचताना सापडले, की बंगालात सत्यनारायण आणि सत्यपीर यांची उपासना एकमेकींत मिसळलेली आहे, आणि तिथे प्रसादाला 'शिन्नी' म्हणतात तो शब्द फारसीतल्या 'शिरिनी'वरून, म्हणजे गोड पदार्थावरून, आलेला आहे. ही माहिती मी काकूंना फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितली. त्या म्हणाल्या, "असेल. पण रवा सव्वाच्या मापानेच घ्यायचा." हे उत्तर मी निबंधात जसेच्या तसे घातले, आणि माझ्या मते सगळ्या निबंधातले ते सर्वांत चांगले वाक्य होते.

बाईंनी निबंध परत दिला तेव्हा त्यावर गुण नव्हते. पानोपानी पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल काढले होते, आणि तो शब्द होता इंग्रजीतला 'वी' (we). एकतीस गोल होते. शेवटी एवढेच लिहिले होते: यातले कोण? पुन्हा लिहा. सगळ्या हिंदूंविषयी बोलत होते का मी? सगळ्या मराठी माणसांविषयी? माझ्या घराविषयी? की त्या बैठकीत त्या दिवशी बसलेल्या चौदा जणांविषयी? 'हिंदू धर्म म्हणतो' हे वाक्य मी कटाक्षाने टाळले होते आणि त्याच्या जागी हा सर्वनामाचा आडोसा घेतला होता.

मला तो दोष इंग्रजीचा वाटला, आणि मी पहिल्या पानाचे मराठी करून पाहिले. मराठीत 'वी' म्हणायचे तर आधी ठरवावे लागते, 'आम्ही' की 'आपण'. 'आम्ही तुळस वाहतो' असे लिहिले की वाचणारा बाहेर राहतो. 'आपण तुळस वाहतो' असे लिहिले की तो आत येतो, त्याची इच्छा असो वा नसो. इंग्रजीने ती निवड माझ्या वतीने लपवून ठेवली होती. मी सगळीकडे 'आपण' घातले, कारण तसे छान वाचले जात होते, आणि ते पान नागपूरच्या एका मित्राला दाखवले. तो तिथे स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच्.डी. करत होता. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती आणि बावीस प्रतिज्ञा त्याच्या घरी फ्रेम करून लावलेल्या होत्या. त्याने पान वाचले आणि सरळ विचारले, "यातला 'आपण' कोण? मी तर नाही." थोड्या वेळाने हसून म्हणाला, "तुझ्या मावशीला स्थळ बघताना 'आपल्यातलाच हवा' म्हणायची सवय असेल, तो 'आपण' आहे हा."

आहे तशी सवय; मावशीला आहे आणि इतरांनाही आहे. बाईंना पेन्सिलीने एकतीस गोल काढूनही जे सांगता आले नसते, ते त्याने एका मराठी शब्दावर बोट ठेवून दाखवले. या लेखातही वर मी दोन ठिकाणी 'आपल्याकडे' लिहिले आहे. ते तसेच ठेवले आहे. त्या दोन्ही ठिकाणी देश किंवा राज्य असा अर्थ आहे असे मला वाटते, पण तसे मला निबंधाच्या वेळीही वाटत होते.

पुनर्लेखनाला तीन आठवडे लागले. पुष्कळ वाक्ये कर्ता न सापडल्यामुळे गळून पडली. 'या पूजेने इच्छा पूर्ण होतात असे मानतात' हे कोण मानते, म्हणून विचारायला गेले, तर काकूंनी मुलाच्या नोकरीसाठी बोललेली पूजा फेडली होती, काका काकूंनी सांगितले म्हणून बसले होते, आणि त्यांच्या शेजारच्या बाईंना त्या निमित्ताने मराठी बोलायला मिळत होते. माझ्या आळसाच्या तासाभराचा हिशेब असा फुगत गेला. एकतीस 'वी'पैकी शेवटी चार राहिले, आणि चारही जेवणाच्या भागात.

मायनरचा पुढे नोकरीत उपयोग झाला का, असे लोक विचारतात. विमा कंपनीच्या मुलाखतीत एकाने त्या ओळीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढेच.

त्या चार वाक्यांपैकी एक मात्र मला अजून नीट लिहिता आलेले नाही. आरती झाली होती. माझा हा नागपूरचा मित्र ठरल्याप्रमाणे जेवणाच्या वेळेला आला, आणि बूट काढून तडक स्वयंपाकघरात गेला, कारण काकूंची आणि त्याची तिथेच गट्टी होती. काकू चौरंगावरून नैवेद्याची वाटी घेऊन आल्या होत्या. ती वाटी कढईतल्या शिऱ्यात परतली की सगळी कढई प्रसादाची होते. तो म्हणाला, "काकू, मला प्रसाद म्हणून नको. शिरा म्हणून द्या." काकूंचा हात कढईवर थांबला. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, डावाने कढईतला शिरा एका बशीत काढला, वरून बेदाणे आपल्या हाताने निवडून घातले आणि बशी त्याला दिली. मग वाटी उचलली, कढईत उपडी केली, डावाने दोनदा ढवळले, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तू घे." घड्याळात एक वाजून वीस मिनिटे झाली होती. मी उजवा हात पुढे केला. नोंदवही डाव्या हातात होती.